चकचकीत ग्रीव्ह्ज घ्यायची का? आधी टाकीखाली बॅटरीचा उजेड मारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही एसेक्समध्ये राहता, वडिलांच्या येझदीच्या टाकीवर बसून लहानाचे मोठे झालात आणि आता एका गृहस्थांकडची 1960 ची ग्रीव्ह्ज हॉकस्टोन, म्हणजे जुनी ब्रिटिश शर्यतीची मोटरसायकल, तुमच्या मनात भरली आहे; रविवारी ती बघायला जाणार आहात. 246 सीसीचं व्हिलियर्स इंजिन, निळी टाकी, सगळं नव्यासारखं. मालक म्हणतो गाडी 'पूर्ण रिस्टोअर' केली आहे, सगळं 'ओरिजिनल' आहे आणि ती एकेकाळी कंपनीच्या स्क्रॅम्बल टीमकडे होती (स्क्रॅम्बल म्हणजे चिखल-मातीच्या मैदानावरची शर्यत). रस्त्याचे कागद नाहीत. 'अपंगांच्या तीनचाकी बनवणाऱ्यांची गाडी' म्हणून तुमचे इथले मित्र हसतात. तुम्ही विचारताय, घ्यावी का? आणि घेतली तर चालवावी की दिवाणखान्यात ठेवावी?

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत नोकरीला सुरुवात केली आणि संध्याकाळी मामाच्या गॅरेजात येझदी-राजदूत उघडत बसायचो. गेली 22 वर्षं वुल्व्हरहॅम्प्टनजवळ राहतो. व्हिलियर्सची इंजिनं याच गावात बनत. फावल्या वेळात जुन्या टू-स्ट्रोक जोडतो. ग्रीव्ह्ज आजवर पाच हाताखालून गेल्या, त्यातल्या तीन माझ्या. त्यामुळे खाली जे लिहितोय ते बहुतेक माझ्याच चुकांमधून आलेलं आहे.

आता मुद्दा. 'सगळे भाग ओरिजिनल आहेत का' हा प्रश्न घरच्या गाडीला शोभतो. वडिलांची येझदी कारखान्यातून निघाली, वीस वर्षं ऑफिसला गेली, तिचं एक मूळ रूप आहे. स्क्रॅम्बलच्या गाडीचं तसं नसतं. शनिवारी रात्री तिच्या कार्ब्युरेटरचा जेट बदलतात, रविवारी चिखलात आपटून हँडल वाकतं, सोमवारी भलत्याच गाडीचा फूटरेस्ट तिला वेल्ड होतो. दोन सीझन झाले की नवं बॅरल, तिसऱ्या वर्षी नवा मालक आणि त्याचं निराळंच इंजिन. तेव्हा विचारायचं ते असं: ही गाडी आज कुठल्या सालच्या, कुणाच्या हातातल्या गाडीसारखी उभी केली आहे?

कुणी ती कारखान्यातून निघाली तशी करतो. कुणी एखाद्या रायडरनं दोन-तीन वर्षं चालवून, त्याच्या सोयीनं बदलून ठेवली होती तशी करतो. आणि ब्रिटनमध्ये आजकाल एक मोठा तिसरा गट आहे, 'प्री-65' वाल्यांचा. 1965 च्या आधीच्या गाड्यांसाठी इथे ट्रायल (खडकाळ अवघड वाटेवर वेगापेक्षा तोल आणि कौशल्य बघणारी स्पर्धा) आणि स्क्रॅम्बल होतात. स्कॉटलंडमध्ये किनलॉकलेव्हनला होणारी प्री-65 ट्रायल त्यातली नावाजलेली. तिथली गाडी लांबून जुनी दिसते, जवळ गेलं की इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवे हलके हब आणि आतून नव्या केलेल्या सस्पेन्शनवर उभी असते. हे तिन्ही प्रकार प्रामाणिक असू शकतात. पण त्यांची किंमत निराळी, उपयोग निराळा, आणि 'रिस्टोअर' हा एकच शब्द तिघांनाही लावतात. मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा. जो गडबडून 'म्हणजे काय?' म्हणेल, त्यानं गाडी दुसऱ्याकडून तयार घेतलेली असते. मग सगळं तुम्हालाच तपासायचं आहे असं धरून चाला.

मित्रांच्या हसण्याचं आधी बघू, कारण कुठे बॅटरी मारायची ते त्या तीनचाकीच्या इतिहासातूनच कळतं.

ग्रीव्ह्ज म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा ग्रीव्ह्ज कॉटन येतं, रिक्षाटेम्पोची डिझेल इंजिनं. त्यांचा आणि यांचा काही संबंध नाही. हे बर्ट ग्रीव्ह्ज एसेक्सचे. त्यांचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब याचे पाय जन्मापासून अधू होते. गोष्ट अशी सांगतात की बर्ट एकदा इंजिनवर चालणाऱ्या यंत्रानं गवत कापत होते, आणि हेच इंजिन भावाच्या चाकाच्या खुर्चीला लावलं तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यातून पुढे 'इनव्हॅकार' नावाची कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जायबंदी सैनिकांना आणि इतर गरजूंना सरकार एका माणसाची तीनचाकी देत असे, तिची मोठी कामं इनव्हॅकारला मिळाली. कारखाना थंडर्सलीला, चर्च रोडवर. कंपनी दोघा भावांनी मिळून चालवली. सरकारी कामाचा पैसा ठरल्यावेळी येतो, आणि मोटरसायकलच्या वेडाला पोसायला तसाच पैसा लागतो. 1951 च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला आणि 1953 च्या अखेरीस ग्रीव्ह्ज नावाची मोटरसायकल लोकांसमोर आली.

त्या मोटरसायकलवर तीनचाकीची छाप जागोजाग आहे. इंजिन व्हिलियर्सचं, कारण इनव्हॅकारलाही तेच लागत होतं. रबर पिळून धक्के झेलायची युक्ती तिथलीच. आणि सांगाड्यात जिथे इतरांच्या गाडीला समोरून खाली येणारी नळी असते, तिथे यांनी अल्युमिनियमचं ओतीव तुळईसारखं अंग दिलं. इंग्रजी 'I' अक्षरासारख्या छेदाचं, हाताच्या पंजाएवढं रुंद. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही जत्रेत ग्रीव्ह्ज पन्नास पावलांवरून ओळखू येते ती त्यामुळे. तेव्हा मित्रांना सांगा की हसण्यासारखं काही नाही, अख्खी गाडी त्या तीनचाकीच्या पुण्याईवर उभी आहे.

त्या तुळईबद्दल जरा सविस्तर लिहितो, माझा जीव ओतकामात अडकलेला असतो म्हणूनही. ती बोल्टनं जोडलेली नाही. स्टीलच्या नळ्यांची वरची जोडणी साच्यात ठेवून तिच्याभोवतीच अल्युमिनियम ओतत. मिश्रधातू एलएम 6, म्हणजे साधारण 10 ते 13 टक्के सिलिकॉन. हा धातू पाण्यासारखा वाहतो, पातळ कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि थिजताना फारसा चिरत नाही. कंपनीची स्वतःची फाउंड्री होती म्हणूनच हे परवडलं. नीट ओतलेली तुळई अजिबात लेचीपेची नसते, हा माझा अनुभव.

पण साठ वर्षांत दोन गोष्टी होतात. स्टील आणि अल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतात, मध्ये पाणी शिरलं की अल्युमिनियम झिजायला लागतं आणि जोडावर पांढरी भुकटी दिसते. ती दिसली तर निदान काय चाललंय ते कळतं तरी. पॉलिश केलेल्या गाडीवर ती दिसत नाही. दुसरं म्हणजे इंजिन सांगाड्याला धरणाऱ्या इंजिन प्लेटच्या बोल्टांची भोकं. बोल्ट सैल ठेवून कुणी दोन-चार शर्यती मारल्या असतील तर भोक लांबट होतं आणि तिथून तडा निघतो.

माझी दुसरी ग्रीव्ह्ज, ट्रायलची 'स्कॉटिश', आरशासारखी पॉलिश केलेली होती. अख्खा उन्हाळा मी ती लोकांना कौतुकानं दाखवली. हिवाळ्यात इंजिन काढलं, तुळई रॉकेलनं आणि मग थिनरनं स्वच्छ केली, तडे शोधायचा लाल रंग लावला, दहा मिनिटांनी पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. क्षणभर काहीच नाही. मग खालच्या डाव्या भोकाच्या कडेला एक लाल ठिपका उमटला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत नखाएवढी रेघ होत वर सरकला. आधीच्या कुणीतरी तडा घासून, वर पॉलिश मारून मिटवला होता. मिटवला म्हणजे नजरेआड केला.

एलएम 6 वेल्ड होतो, घाबरू नका. पण जुन्या ओतकामाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता लागली की ते उकळून वर येतं आणि वेल्ड जाळीसारखा होतो. शिवाय आत स्टीलची नळी आहे, ती काढता येत नाही. त्यामुळे फ्रेम पूर्ण मोकळी करून, अशा जुन्या ओतकामाची सवय असलेल्या वेल्डरकडेच द्यावी लागते. माझी रेघ छोटी होती, काम झालं. वरच्या बाजूला, हँडल जिच्यात फिरतं त्या डोक्याच्या नळीजवळ तडा असता तर मी गाडी चालवणं सोडलं असतं.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा टाकीकडे नका बघू. टाकीखाली, जिथे नळी ओतकामात शिरते तिथे बॅटरी मारा. मग खाली वाकून इंजिन प्लेटचे बोल्ट बघा. तुळईच्या कडा किती गोल झाल्या आहेत तेही बघा. मूळच्या कडा धारदार नसतात, पण ठसठशीत असतात. साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या झाल्या असतील तर कुणीतरी बफिंग चाकावर फार वेळ घालवला आहे. का घालवला, हे विचारायला हरकत नाही.

पुढचा फोर्क ही दुसरी खास गोष्ट. आपल्या नेहमीच्या गाडीसारखा हा आत-बाहेर सरकत नाही. खाली पुढे आलेले दोन आखूड दांडे आहेत, चाक त्यांच्या टोकाला. दांडा जिथे वळतो तिथे रबरी बुश असतो, तो पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो. आधी घर्षणाचे डॅम्पर होते, पुढे नळ्यांच्या आत गर्लिंग कंपनीचे आले. मागच्या बाजूला मात्र रबर लवकरच सोडून नेहमीचे गर्लिंग शॉकअप्स दिले. या फोर्कची गंमत म्हणजे पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसत नाही, उलट किंचित वर उचलते. पहिल्यांदा चालवताना पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी तेच आवडायला लागतं.

तपासायचं असं: गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंचे दांडे समोरून आणि बाजूनं बघा. एक दांडा खाली झुकलेला आणि दुसरा वर, असं असेल तर बुश दमले आहेत किंवा जोडताना चुकीच्या कोनात आवळले आहेत. रबर कुठल्या कोनात आवळलं त्यावर पुढची उंची ठरते, त्यामुळे हे काम घाईत बिघडतं. हँडल दाबून सोडा. परत वर यायला आढेवेढे घेत असेल, करकर वाजत असेल, तर बुश बदलायचे असं धरा. आणि घेतलीत तर एक सवय सोडा. आपल्याकडे गाडी धुताना सगळीकडे डिझेल मारायची पद्धत आहे, इथे तसं केलंत तर रबर फुगून कामातून जाईल.

इंजिनाकडे येऊ. येझदीवाल्या माणसाला यात नवं काही नाही, पण सवयीनं फसू नका. 246 सीसी म्हणजे 66 मिलिमीटर बोअर आणि 72 मिलिमीटर स्ट्रोक. याच मापात व्हिलियर्सनं ट्रायलसाठी 32ए केलं आणि स्क्रॅम्बलसाठी आधी 33ए, मग 34ए. ट्रायलवालं इंजिन बैलासारखं खालून ओढतं, स्क्रॅम्बलवालं वर फिरायला बघतं. 32ए ला बहुधा व्हिलियर्सचाच कार्ब्युरेटर असतो, 34ए ला अमल कंपनीचा मोनोब्लॉक. बाहेरून हे सगळे भाऊ सारखेच दिसतात, म्हणून 'हॉकस्टोन' म्हणून विकलेल्या गाडीत 32ए निघणं ही रोजची गोष्ट आहे. इंजिनावरच्या नंबराआधी अंक-अक्षरांचा एक संकेत ठोकलेला असतो, कुठल्या प्रकारचं इंजिन ते त्यावरून कळतं. फ्रेमचा नंबरही बोलका आहे. 24 म्हणजे 246 सीसी, त्यापुढे टी असेल तर ट्रायल, एस असेल तर स्क्रॅम्बल, एम असेल तर मोटोक्रॉस (स्क्रॅम्बलचंच पुढचं नाव), आणि पुढचं अक्षर पिढी सांगतं. तुमच्या हॉकस्टोनला 24एस अशी सुरुवात अपेक्षित आहे, त्याच काळच्या स्कॉटिशला 24टी. दोन्ही नंबर जुळले तर चांगलंच. नाही जुळले तर गाडी वाईट ठरत नाही, किंमत मात्र खाली आली पाहिजे.

बाहेरून न दिसणारं दुखणं म्हणजे क्रँकचे सील. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हा पंप असतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. चेनच्या बाजूचा सील गेला तर इंजिन प्रायमरी केसमधलं (इंजिन ते क्लच या चेनच्या पेटीतलं) तेल ओढतं, धूर थांबत नाही आणि केसमधलं तेल न गळताच कमी होतं. मॅग्नेटोच्या बाजूचा गेला तर हवा ओढतं. मिश्रण पातळ पडतं, थ्रॉटल सोडला तरी आवाज वरच रेंगाळतो, आणि चढावर नेमका पिस्टन पकडतो. रिस्टोअर करताना लोक टाकीला सहा हात रंग देतात, पण चाळीस वर्षं सुकलेले सील तसेच ठेवतात, कारण त्यासाठी क्रँककेस फोडावा लागतो आणि जत्रेत ते कुणाला दिसत नाही. माझी पहिली ग्रीव्ह्ज याच कारणानं तिसऱ्या किलोमीटरला सीझ झाली होती. गाडी मी ढकलत घरी आणली, पाऊस होताच.

घरी आणल्यावर खात्री करायची रीत सोपी आहे. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपानं 5-6 पीएसआय हवा भरायची आणि गेजकडे बघत चहा प्यायचा. पाच मिनिटं काटा टिकला पाहिजे. विकणाऱ्याच्या अंगणात हे जमणार नाही, पण मॅग्नेटोचं फ्लायव्हील धरून वर-खाली हलवता येतं. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेत, आणि जिथे बेअरिंग हलतं तिथे सील धड असायचं कारण नाही. अशा वेळी क्रँकचं संपूर्ण काम किमतीतून वजा करून बोला. त्यात बरेच पौंड जातात, मोलभावात भिडस्त राहू नका.

आता टीमची गोष्ट. इथे थोडा इतिहास लागेल, कारण मालक तुम्हाला नावं ऐकवणार.

ग्रीव्ह्जचं नाव झालं ते ब्रायन स्टोनब्रिज यांच्यामुळे. बीएसए कंपनीच्या गाड्यांवर नाव कमावलेला हा रायडर कंपनीत स्पर्धाविभाग बघायला आला. 1957 मध्ये श्रॉपशरच्या हॉकस्टोन पार्कवर त्यांनी 197 सीसीच्या ग्रीव्ह्जवर मोठ्या फोर-स्ट्रोकवाल्यांना धूळ चारली. त्या काळी स्क्रॅम्बल म्हणजे 350-500 च्या दणदणीत फोर-स्ट्रोक, टू-स्ट्रोक म्हणजे दूधवाल्याची गाडी अशीच समजूत होती. तुमच्या गाडीला हॉकस्टोन हे नाव त्या मैदानावरून मिळालं. 1959 मध्ये 250 सीसीच्या युरोपियन स्पर्धेत ते हुस्कवार्नाच्या रॉल्फ टिबलिनच्या मागे दुसरे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते बर्ट ग्रीव्ह्ज यांच्यासोबत मोटारीतून जात असताना अपघात झाला आणि त्यात स्टोनब्रिज गेले. पुढच्या वर्षी, म्हणजे तुमच्या गाडीच्या सालात, सफोकच्या कॉडनहॅम गावच्या डेव्ह बिकर्स यांनी ग्रीव्ह्जवर युरोपचं विजेतेपद मिळवलं. 1961 मध्ये पुन्हा.

मग वारं फिरलं. 1962 पासून 250 च्या स्पर्धेला जागतिक दर्जा आला आणि स्वीडनचा टॉर्स्टन हॉलमन हुस्कवार्नावर दोन वर्षं जिंकला. 1964 ला बेल्जियमचा जोएल रोबेर जिंकला, सीझेडवर. ज्या चेक गोतावळ्यातून आपली जावा-येझदी आली त्यातलीच ही सीझेड. तेव्हा घरची येझदी विसरून ग्रीव्ह्जच्या प्रेमात पडताय हे जरा लक्षात असू द्या! व्हिलियर्सचं इंजिन मुळात गवत कापण्यापासून खेपा मारण्यापर्यंत सगळ्याला पुरेल असं केलेलं, त्यातून आणखी ताकद काढायला गेलं की खालचा क्रँक कुरकुरायचा. ग्रीव्ह्जनं आधी त्यावर स्वतःचं चौकोनी पंख्यांचं अल्युमिनियमचं बॅरल चढवलं आणि 1964 च्या 'चॅलेंजर'मध्ये व्हिलियर्सचा हात सोडला. ट्रायलमध्ये मात्र नाव टिकलं. डॉन स्मिथ 1964 आणि 1967 ला युरोपात पहिले आले, 1969 ची स्कॉटिश सिक्स डेज ही सहा दिवसांची ट्रायल बिल विल्किन्सन यांनी ग्रीव्ह्जवर जिंकली. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी केलेल्या 'सिल्व्हरस्टोन'नं 1964 आणि 1965 ला आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स ग्रां प्रीचा 250 चा वर्गही मारला. पुढे व्हिलियर्सनं बाहेरच्यांना इंजिनं देणं थांबवलं आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रीव्ह्जचं दारही बंद झालं.

हे सगळं सांगायचं कारण असं की तुमच्या गाडीवर चौकोनी पंख्यांचं बॅरल दिसलं तर ती 1960 ची कारखान्यातली अवस्था नाही. दोन-तीन वर्षांनी कुणा रायडरनं सुधारलेली गाडी आहे. मला स्वतःला अशी गाडी जास्त आवडते, ती खरोखर धावली आहे याची ती खूण असते. पण मग मालकानं 'कारखान्यासारखी' म्हणू नये.

आणि टीमची गाडी म्हणाल, तर त्या मोजक्याच होत्या आणि त्यांच्यावरचे भाग आठवड्याला बदलत. दावा खरा असेल तर मागचा माग दाखवता येतो: आधीच्या मालकांची नावं, पत्रं, नंबर दिसणारे जुने फोटो. ग्रीव्ह्ज रायडर्स असोसिएशन ही मालकांची संघटना आहे. फ्रेम नंबर तिथल्या जाणत्यांना दाखवा, विकणाऱ्याचं नाव न घेता. न्यू मिल्टनचं सॅमी मिलर म्युझियमही एकदा बघून या, जुन्या स्पर्धेच्या गाड्या जवळून बघितल्या की डोळा बसतो. माग नसेल तर गोष्ट ऐकून घ्या, चहा प्या, पण गोष्टीचे पैसे देऊ नका.

कागदांचं थोडक्यात. स्क्रॅम्बल बंदिस्त मैदानावर होते, गाडी ट्रेलरवरून नेतात, त्यामुळे हॉकस्टोनला नंबरप्लेट कधी नसणं हे संशयास्पद नाही. ट्रायलवाल्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याला सार्वजनिक रस्त्यानं जातात, म्हणून कागद नसलेली स्कॉटिश मला खटकली असती. विक्रीची सही केलेली पावती मात्र घ्याच, तीत फ्रेम आणि इंजिन दोन्ही नंबर लिहून.

चालवावी की ठेवावी, हे तुमच्या पाठीवर आणि जागेवर अवलंबून आहे. जवळपास क्लबचं मैदान असेल, गुडघे शाबूत असतील, तर चालवा. टू-स्ट्रोक बसून राहिली की सील सुकतात आणि क्रँकवर गंज धरतो, दिवाणखान्यातल्या गाडीचं इंजिन पाच वर्षांत उघडावंच लागतं. शर्यत मारायला हवी असं नाही, महिन्यातून एकदा अर्धा तास पुरे. गिअर जुन्या बुलेटसारखा उजव्या पायाला आहे, पहिल्या दिवशी ब्रेकच्या जागी गिअर दाबाल, म्हणून मोकळ्या जागी सुरुवात करा. मी 25 भाग पेट्रोलला 1 भाग चांगलं टू-स्ट्रोक तेल असं मिश्रण वापरतो. पेट्रोल साधं घेऊ नका. ब्रिटनमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून साध्यात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, सुपरमध्ये कमी. नंतरच्या काही ग्रीव्ह्जना फायबरग्लासच्या टाक्या होत्या, आणि इथेनॉलनं त्यातलं रेझिन मऊ होऊन कार्ब्युरेटरात गुळाच्या पाकासारखं उतरतं. तुमची टाकी कसली आहे ते टिचकी मारून बघा.

एका बाबतीत मात्र 'चालवू नका' म्हणेन. वर वर्णन केलेलं सगळं पाहून झाल्यावर असं वाटलं की रंग नवा आहे पण आतले बोल्ट, केबल, बुश सगळं 1960 पासून कुणी हलवलेलंच नाही, तर थांबा. अशी गाडी आता क्वचित मिळते. ती आधी नोंदवून, फोटो काढून मगच उघडायची.

रविवारी जाताना बॅटरी, जुनी सुती फडकी आणि फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाका. चुंबक बॅरलच्या पंख्यांना लावा. व्हिलियर्सचं बिडाचं असेल तर चिकटेल, ग्रीव्ह्जचं अल्युमिनियमचं असेल तर घसरेल, वर कुठलाही रंग मारलेला असो. मग फ्रेम नंबर, इंजिन नंबर आणि टाकीखालचा तो जोड, असे तीन फोटो इथे टाका, किमतीचं मग बोलू. आणि मालकाला आदल्या संध्याकाळी फोन करून सांगा की मी येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका. पहिली किक थंड इंजिनाला, आणि ती तुम्हीच मारा.